धानाचा तूस आणि धुराड्यातील वायू

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. परंतु या भूमीचे धानाशी असलेले नाते जिल्ह्याच्या नकाशाहून पुष्कळ जुने आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील बांध्या, माजी मालगुजारी तलाव आणि लहानमोठ्या बोड्या यांच्या आधारावर येथील शेती उभी आहे, आणि गोंदिया शहर भातगिरण्यांमुळे तांदळाचे शहर म्हणून ओळखले जाते. हलक्या धानाची कापणी सुरू झाली की गिरण्यांची धडधड वाढते आणि त्यांच्या आवारात तुसाचे ढीग दिसू लागतात. गावोगावी यालाच भुसा म्हणतात. एक क्विंटल धान भरडले की सुमारे वीस किलो तूस निघतो. जनावरे तो आवडीने खात नाहीत, तो लवकर कुजत नाही, आणि हलका असल्यामुळे दूरवर वाहून नेणे परवडत नाही.

याच जिल्ह्यात तिरोडा येथे अदानी समूहाचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे एकंदर ३,३०० मेगावॅट एवढी त्याची क्षमता आहे. दगडी कोळशापासून एक युनिट वीज तयार होताना साधारणतः नऊशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. त्या हिशेबाने एवढ्या क्षमतेचे केंद्र पूर्ण भाराने चालले, तर तासाला सुमारे तीन हजार टन वायू वातावरणात मिसळतो. एकीकडे तुसाचे ढीग आणि दुसरीकडे धुराडी. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध जोडता येईल काय, हा प्रश्न आज रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतून गांभीर्याने हाताळला जात आहे. तुसासारख्या टाकाऊ जैव पदार्थापासून विशिष्ट प्रकारचा सच्छिद्र कोळसा तयार करावयाचा आणि त्याच्याकडून धुरातील कार्बन डाय-ऑक्साइड पकडवून घ्यावयाचा, अशी ही कल्पना आहे. तिच्यात तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे जिल्ह्यातील अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण अशा योजनांचे प्रस्ताव अखेर त्यांच्याच पुढ्यात येणार आहेत.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज हे प्रमाण ४२० च्या वर गेले आहे. या वायूमुळे पृथ्वीवरील उष्णता अडकून राहते आणि पावसाचे वेळापत्रक बिघडते, याची झळ कोरडवाहू धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याला सर्वांत आधी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील जागतिक परिषदेत भारताने सन २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तथापि देशाची बहुतांश वीज अद्याप कोळशावर तयार होते आणि ही केंद्रे एका रात्रीत बंद करता येणार नाहीत. म्हणूनच धूर बाहेर पडण्यापूर्वीच त्यातील हा वायू वेगळा काढण्याचे उपाय शोधले जात आहेत.

यांपैकी सर्वांत रुळलेला उपाय द्रवाचा आहे. अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून धूर नेला की कार्बन डाय-ऑक्साइड त्यात विरघळून बांधला जातो. पुढे ते द्रावण तापविले की वायू मोकळा होतो. तामिळनाडूतील तुतिकोरिन येथील एका रसायन कारखान्यात २०१६ पासून बाष्पकातील धुराचा वायू या पद्धतीने वेगळा काढून तो धुण्याचा सोडा तयार करण्यास वापरण्यात आला. मध्य प्रदेशातील विंध्याचल येथे राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाने २०२२ मध्ये दिवसाला २० टन वायू पकडणारे संयंत्र उभारले. पद्धत खात्रीची आहे, पण महाग आहे. द्रावण पुनःपुन्हा तापविण्यासाठी इतकी उष्णता लागते की, संपूर्ण धूर अशा रीतीने शुद्ध करावयाचा झाल्यास केंद्राच्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा त्यातच खर्ची पडतो. घन कोळशाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले ते याच कारणासाठी. कोळशाची वायूवरील पकड सैल असते, त्यामुळे ती सोडविण्यास उष्णताही कमी लागते.

शोषण आणि अधिशोषण

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. पाऊस पडला की पाणी ढेकळात मुरते. हे शोषण होय. पहाटे गवताच्या पात्यावर दव बसते, ते पात्याच्या आत शिरत नाही, केवळ पृष्ठभागाला बिलगून राहते. वायूचे कण घन पदार्थाच्या पृष्ठभागावर असेच बिलगून राहतात, तेव्हा त्यास अधिशोषण म्हणतात. साहजिकच पृष्ठभाग जितका अधिक, तितका अधिक वायू धरून ठेवला जाईल. चांगल्या प्रतीच्या सक्रियित कार्बनच्या एका ग्रॅममध्ये सूक्ष्म छिद्रांच्या भिंती मिळून एक हजार चौरस मीटर किंवा त्याहूनही अधिक पृष्ठभाग असतो. सातबाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर चिमूटभर कोळशात दहा आर जमीन घडी घालून ठेवलेली असते.

कोळशाचा हा गुण नवा नाही. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ शेले याने १७७३ मध्ये कोळसा वायू धरून ठेवतो असे दाखविले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ओस्ट्रेयको याने वाफेच्या व रसायनांच्या साहाय्याने कोळसा सक्रिय करण्याच्या पद्धतींचे एकस्व घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंचा वापर सुरू झाल्यावर सैनिकांच्या मुखवट्यांसाठी असा कोळसा मोठ्या प्रमाणावर लागू लागला, आणि अमेरिकेत त्याकरिता नारळाच्या करवंट्या व फळांच्या कोयी नागरिकांकडून गोळा करण्यात आल्या. आज आपल्या देशात केरळ व तामिळनाडूमध्ये करवंटीपासून सक्रियित कार्बन तयार होतो आणि तो परदेशीही जातो. टाकाऊ वस्तूपासून हा पदार्थ बनतो, हे तर शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. शाळेतील विज्ञान शिक्षकांना त्याचे प्रात्यक्षिक सहज दाखविता येईल. निळीच्या फिकट पाण्यात सक्रियित कार्बनची बारीक पूड ढवळून ते गाळले असता रंग उतरलेला दिसतो; साधा चुलीतील कोळसा कुटून घातला, तर तो फारच थोडा उतरतो. दोहोंतील फरक छिद्रांचा आहे.

मात्र पाण्यातील रंग धरणारी छिद्रे आणि कार्बन डाय-ऑक्साइड धरणारी छिद्रे एकच नव्हेत. या वायूचा कण मिलिमीटरच्या तीस लक्षांश भागाएवढा असतो. छिद्र त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंदीचे असेल, तर दोन्ही भिंतींचे आकर्षण एकाच वेळी लाभते आणि कण चांगला धरला जातो. छिद्र मोठे झाले की पकड सुटते. सबब, नुसता पृष्ठभाग वाढविणे पुरेसे नाही, छिद्रांचे माप नेमके साधावे लागते. या विषयावरील बहुतेक संशोधन याच एका मुद्द्याभोवती फिरते.

तुसाचा स्वभाव

करवंटी आणि तूस यांत मोठा फरक आहे. धानाचे रोप जमिनीतील सिलिका, म्हणजे वाळूचेच घटक द्रव्य, पाण्याबरोबर शोषून घेते आणि दाण्याच्या कवचात साठविते. तूस बोटाला खरखरीत लागतो तो यामुळे. तूस जाळला की त्याच्या वजनाच्या सुमारे सतरा ते वीस टक्के राख उरते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. सिलिका वायू धरण्याच्या कामी फारशी उपयोगी नाही. उलट ती जागा अडविते. तुसापासून चांगला कोळसा करावयाचा म्हणजे आधी सिलिकेची व्यवस्था लावावी लागते.

कृती साधारणतः अशी. प्रथम तूस वाळवून बंद भट्टीत, हवेचा प्रवेश रोखून, चारशे ते सहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. यातून ज्वलनशील वायू व डांबरासारखे द्रव निघून जातात आणि काळा भार मागे राहतो. वीस किलो तुसापासून असा सात-आठ किलो भार मिळतो, पण त्यात जवळजवळ निम्मी राख असते. पुढचा टप्पा सक्रियीकरणाचा. एका पद्धतीत आठशे ते नऊशे अंशांवर पाण्याची वाफ सोडतात. वाफ कोळशाचा थोडाथोडा अंश खात जाते आणि छिद्रे कोरली जातात. दुसऱ्या पद्धतीत भारात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्कली मिसळून तो सातशे-आठशे अंशांवर तापवितात. अल्कलीमुळे अतिसूक्ष्म छिद्रे विपुल तयार होतात आणि सिलिकाही विरघळण्याजोगी होऊन धुण्यात निघून जाते. कार्बन डाय-ऑक्साइडसाठी ही दुसरी पद्धत अधिक परिणामकारक ठरली आहे. काही संशोधक भारात युरियासारखे नत्रयुक्त द्रव्य घालतात. हा वायू आम्लधर्मी असल्याने नत्राच्या संयुगांकडे तो अधिक ओढला जातो. अखेरीस सौम्य आम्लाने व पुष्कळ पाण्याने धुऊन कोळसा वाळवितात. एवढे सोपस्कार झाल्यावर एका क्विंटल धानाच्या तुसामागे हाती येतो तो अवघा दोन-अडीच किलो सक्रियित कार्बन.

धुतलेली सिलिका मात्र वाया घालविण्याचे कारण नाही. अल्कलीतून ती पुन्हा वेगळी काढली, तर तिची शुभ्र, अतिशय बारीक पूड मिळते. टायर व रबर उद्योगाला अशी पूड लागते. तुसाच्या कारखान्याचा जमाखर्च जुळतो की नाही, हे पुष्कळदा कोळशापेक्षा या पुडीवरच ठरते, आणि प्रस्तावांत नेमका हाच भाग पुसट ठेवलेला असतो.

धुराड्याशी गाठ

तयार कोळशाच्या गोळ्या मोठ्या टाक्यांत भरतात व त्यांतून थंड केलेला धूर नेतात. धुरातील नत्र पुढे निघून जातो, कार्बन डाय-ऑक्साइड कोळशात अडकतो. टाकी भरली की धूर दुसऱ्या टाकीकडे वळवितात आणि पहिलीतील वायू दाब उतरवून किंवा उष्णता देऊन काढून घेतात. टाकी पुन्हा कामास सज्ज होते. कोळसा हजारो वेळा असा वापरता येणे हेच या पद्धतीचे मर्म होय.

प्रयोगशाळेत शुद्ध वायू आणि साध्या खोलीचे तापमान असता एक किलो चांगला कोळसा १३० ते २०० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड धरतो. वृत्तांतून झळकणारे आकडे बहुधा हेच असतात. परंतु वीज केंद्राच्या धुरात या वायूचे प्रमाण बारा ते पंधरा टक्केच असते, धूर दमट असतो, त्यात गंधकाचे व नत्राचे ऑक्साइड असतात, आणि पाण्याचे कण छिद्रे अडवून बसतात. अशा स्थितीत एका फेरीत किलोमागे चाळीस ग्रॅमच्या आसपास वायू सुटून हाती आला, तर ते चांगले म्हणावे.

हा आकडा धरून हिशेब मांडून पाहता येतो. तिरोड्याएवढ्या केंद्रातून तासाला निघणाऱ्या तीन हजार टनांपैकी केवळ दहावा हिस्सा, म्हणजे ३०० टन वायू पकडावयाचा आहे आणि प्रत्येक टाकीची फेरी अर्ध्या तासात पूर्ण होते असे मानले, तर सुमारे पावणेचार हजार टन कोळसा टाक्यांत भरलेला असावा लागेल. त्यासाठी दीड लाख टन धानाचा तूस हवा. संपूर्ण वायू पकडावयाचा तर याच्या दहापट. हा अंदाज ढोबळ आहे, पण त्यावरून एक गोष्ट उघड होते. कोळसा एकदा भरला की तो वर्षानुवर्षे चालावयाचा असल्याने तुसाचा तुटवडा ही पहिली अडचण नव्हे. धूर थंड व कोरडा करणे, प्रचंड पंपांनी दाब बदलणे, आणि पकडलेल्या वायूचे पुढे काय करावयाचे हे ठरविणे, या तीन बाबी खरोखर खर्चाच्या आहेत.

त्यांतही तिसरी सर्वांत बिकट. युरिया, सोडा, मिथेनॉल, शीतपेये यांना हा वायू लागतो, परंतु एका मोठ्या केंद्राच्या उत्सर्जनापुढे ही मागणी तोकडी पडते. उरलेला वायू भूगर्भात खोल साठविणे हाच मार्ग राहतो. आइसलँडमध्ये असा वायू पाण्यात मिसळून बेसॉल्ट खडकात सोडण्यात आला, आणि त्याचा बहुतेक भाग दोन वर्षांच्या आत दगडात रूपांतरित झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापलेला असल्याने त्याचाही या दृष्टीने अभ्यास सुरू आहे. गोंदिया जिल्ह्याच्या पोटात मात्र हा खडक नाही. येथील जुन्या स्फटिकमय खडकाला भूशास्त्रज्ञ आमगावचेच नाव देऊन ‘आमगाव नाइस’ म्हणतात, आणि असा घट्ट खडक साठवणुकीस सोयीचा नसतो. तेव्हा येथे पकडलेला वायू दूर वाहून नेण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागेल.

आपल्या राज्यात या विषयाचे ज्ञान उपलब्ध आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ पासून कार्यरत असून अधिशोषक पदार्थांवर तेथे काम झालेले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने कार्बन पकडणे व त्याचा वापर या विषयावरील राष्ट्रीय केंद्र २०२२ मध्ये मंजूर झाले. जिल्ह्यातून कोणताही प्रस्ताव पुढे जाण्यापूर्वी तुसाचे व कोळशाचे नमुने अशा संस्थेकडून तपासून घेणे कठीण नाही.

धुराड्याहून जवळचा उपयोग

वीज केंद्रापेक्षा लहान, पण आवाक्यातील एक क्षेत्र आहे ते जैववायूचे. शेण व ओला कचरा यांपासून मिळणाऱ्या वायूत मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन डाय-ऑक्साइड जवळजवळ चाळीस टक्के असतो. वाहनात भरण्याजोगा वायू करावयाचा तर मिथेनचे प्रमाण किमान नव्वद टक्के लागते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये दाबित जैववायूसाठी योजना सुरू केली, तेव्हापासून अशा संयंत्रांकडे लक्ष वेधले गेले आहे. येथे कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण मुळातच अधिक, वायूचे आकारमान मर्यादित, आणि शुद्ध झालेल्या मिथेनला लगेच किंमत. कोळशाच्या टाक्यांनी जैववायू शुद्ध करण्याची पद्धत जगात व्यापारी प्रमाणावर प्रचलितही आहे. तुसाच्या कोळशाची पहिली कसोटी जिल्ह्यात घ्यावयाची असेल, तर ती तीन हजार टनांच्या धुराड्यावर न घेता एखाद्या गोशाळेच्या किंवा नगरपरिषदेच्या संयंत्रावर घेणे शहाणपणाचे ठरेल.

कच्च्या मालाविषयीही स्पष्टता हवी. तूस हा निरुपयोगी कचरा आहे, असे गृहीत धरून अनेक आराखडे आखले जातात. वस्तुस्थिती तशी नाही. उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्या बाष्पकासाठी तूसच जाळतात. विटांच्या भट्ट्यांनाही तो लागतो. शिवाय केंद्रीय विद्युत मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार औष्णिक केंद्रांनी कोळशाबरोबर काही टक्के जैव इंधनाच्या कांड्या जाळावयाच्या आहेत, आणि त्यामुळे शेतातील टाकाऊ मालाला नवा ग्राहक मिळाला आहे. तुसाची जागा उद्या गिरणीत लाकडाने घेतली, तर कोळसा करून साधलेला लाभ नागझिरा-नवेगावच्या जंगलात गमावल्यासारखे होईल. त्याऐवजी ज्याला आज ग्राहक नाही अशा मालाचा विचार प्रथम व्हावा: तलाव व बोड्या व्यापणारी बेशरम, विड्या वळताना उरणारी तेंदूपानांची कातरण, बाष्पकातून अर्धवट जळून बाहेर पडणारी काळी राख. या काळ्या राखेत कोळशाचा अंश शिल्लक असतो आणि आज ती कित्येक ठिकाणी रस्त्याच्या कडेला पडते. तणसाचा प्रश्न निराळा आहे. ते जनावरांच्या वैरणीचे असल्याने त्याला हात लावताना दहादा विचार करावा.

सक्रियित न केलेला साधा तुसाचा कोळसा शेतात मिसळण्याचा पर्यायही विसरून चालणार नाही. रोपाने हवेतून घेतलेला कार्बन तुसात असतोच. तूस कुजला वा जळला तर तो पुन्हा हवेत जातो, कोळशाच्या रूपात जमिनीत राहिला तर दीर्घकाळ टिकतो. कोळशातील एक किलो कार्बन म्हणजे हवेतील पावणेचार किलोच्या जवळपास कार्बन डाय-ऑक्साइड. त्याला ना अल्कली लागते, ना पंप. लाभ लहान असला तरी तो शेतकऱ्याच्या बांधीत, त्याच्या डोळ्यांसमोर राहतो.

ग्रामपंचायतीकडे ना-हरकत दाखल्यासाठी असा उद्योग आला, तर काही गोष्टी विचारल्यावाचून राहू नये. भट्टीतून निघणारा ज्वलनशील वायू तेथेच जाळून त्याची उष्णता वापरली जाणार आहे काय? उघड्या खड्ड्यात कोळसा केला, तर धुराबरोबर मिथेनही हवेत जातो आणि योजनेचा मूळ हेतूच फसतो. तुसाची राख फार तापली की तिच्यातील सिलिका स्फटिकरूप होते. अशी धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो, म्हणून कामगारांसाठी धूळरोधक व्यवस्था व नियमित तपासणी हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे धुण्याच्या पाण्याचे. अल्कली व आम्ल मिसळलेले हे पाणी उदासीन करून पुन्हा वापरण्याची सोय आराखड्यात नसेल, तर ते उताराने जवळच्या तलावात किंवा बोडीतच उतरेल. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती १९७४ च्या जल आणि १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्यांखाली आवश्यक असतेच. ती कागदपत्रे पाहताना कारखान्याला दररोज पाणी किती लागणार आणि त्यातील किती परत वापरले जाणार, हे दोन आकडे सदस्यांनी मागून घ्यावेत, आणि ते गावच्या तलावाच्या उन्हाळ्यातील साठ्याशी ताडून पाहावेत.